विहिरीवरचा नारळ आणि मोठ्या दिरांची पहिली आज्ञा

पत्र

मावशी, माझं जानेवारीत लग्न आहे. आम्ही मुंबईतल्या एका गावठाणातले ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती, मुलगा वसईचा. दोन्ही घरं कॅथलिक, दोन्हीकडे मराठीच बोलतात. आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणायची पद्धत आहे. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, काठावर मेणबत्ती लावतात, विहिरीला पान-सुपारी आणि नारळ देतात, कळश्या भरून आणतात आणि हळद-नारळाचा रस चोळून त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. आजी ८३ वर्षांची आहे, तिला हे सगळं साग्रसंगीत हवंय. होणारे मोठे दीर म्हणतात, हे बाप्तिस्म्याआधीचं मूर्तिपूजकांचं उरलंसुरलं आहे, ‘माझ्याशिवाय दुसरा देव मानू नको’ या बायबलमधल्या पहिल्या आज्ञेचा भंग आहे, आणि हे होणार असेल तर मी लग्नाच्या मिस्सालाही (चर्चमधल्या उपासनेलाही) येणार नाही. त्यांना कोणी काही बोलत नाही, कारण प्रार्थना गटात जायला लागल्यापासून त्यांची दारू सुटली आणि घर सावरलं. परवा माझ्या मावसबहिणीच्या बाळाची मीठ-मिरचीने दृष्ट काढताना त्यांनी पाहिलं, त्यावरून वेगळंच रामायण झालं. हे खरंच पाप आहे का? आजीचं मन मोडू की दिरांचं? बाकी स्थळ उत्तम आहे. आपल्यातलंच आहे. त्यांच्या घरच्यांनी आम्ही मूळचे कोण ते आधी नीट विचारून खात्री करून घेतली, मगच बोलणी झाली.

— एक नवरी

उत्तर

नवरीबाई,

पाप नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं जीव टांगणीला न लावता वाचशील. आणि तुझे दीर वेडे नाहीत हेही लगेच सांगते, कारण तुला त्याच घरात नांदायचंय.

त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. हळद, नारळ, उंबर, विहीर हे सगळं आपल्या लोकांकडे ख्रिस्ती होण्याआधीपासूनचं आहे, यात वाद नाही. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, पुढच्या काही दशकांत या पट्ट्यातल्या गावागावांत बाप्तिस्मे झाले. पण बाप्तिस्मा होऊन घरी आलेल्या बाईची विहीर तीच होती. भाताचा हंगाम तोच, पाऊस लांबला की पोटात पडणारा गोळा तोच, पहिलटकरीण पोरीच्या बाळंतपणाची धास्ती तीच. या सगळ्याला फादरांच्या लॅटिन मिस्सात जागा नव्हती, म्हणून ते घरात राहिलं. जिथे जागा मिळाली तिथे ते चर्चमध्ये जाऊन बसलं. तुमच्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो, नव्या भाताच्या लोंब्या वेदीपुढे नेतात. गोव्यात राय गावाला ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त (चर्चचा सण) होतं. नवं धान्य आधी देवाला, मग घरात, ही शेतकऱ्याची रीत त्याच्या धर्मापेक्षा जुनी आहे. दीर आगेऱ्याला जात असतील तर तिथे त्यांच्या हातात लोंबी असतेच.

आता त्यांचं अर्धं चुकतं कुठे ते सांगते. त्यांना वाटत असावं की हे आजवर कोणी आपल्या लोकांना समजावून सांगितलंच नाही. अगं, समजावून काय, दरारा बसवून पाहिलं! गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेतल्या चुकांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं. त्या न्यायालयाने १७३६ साली एक फर्मान काढलं. अनंत काकबा प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवर लिहिताना ते दिलंय. ते वाचताना हसावं की रडावं कळत नाही. वधूवरांना हळद, तेल, तांदळाचं पीठ यांचा लेप लावायचा नाही. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. पानविडा, सुपारी, फुलं पाठवायची नाहीत. बाळाच्या सहाव्या रात्री जागरण नाही. दारात तुळस नाही, एकादशी नाही. पुरुषांनी पुडवं नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. आणि माझं सगळ्यात आवडतं कलम: भात आधी मिठाशिवाय शिजवून मग वरून मीठ घ्यायचं नाही, कारण तसं हिंदू करतात. म्हणजे न्यायाधीश थेट तपेल्यापर्यंत पोचले होते. मीठ कधी पडलं यावरून माणूस ख्रिस्ती आहे की नाही हे ठरायचं.

आणि झालं काय? गोव्यात आजही लग्नाआधी नवरा-नवरीला नारळाचा रस लावतात, त्याला रोस म्हणतात. नवरीला चुडा भरतात. लग्नाआधी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने भिकाऱ्यांना जेवू घालतात. ही चाल पाहून श्राद्धाची आठवण न येणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. वसई-साष्टीकडे तर त्या फर्मानानंतर तीनच वर्षांत, १७३९ मध्ये, पोर्तुगीजांची सत्ताच गेली. चिमाजीअप्पांनी वसई घेतली, आणि आपल्या बायकांच्या तपेल्यात डोकावणारं कोणी उरलं नाही. तुझ्या आजीची विहीर इतकी ठणठणीत राहण्यामागे मला हेही एक कारण वाटतं.

दीर म्हणतील, मग इन्क्विझिशनचंच बरोबर होतं, लोक चुकले. इथे त्यांना घरच्याच माणसांचा दाखला दे. ६०१ साली पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मगुरूला पत्र लिहिलं. त्यात असं सांगितलं की तिथल्या लोकांची देवळं पाडू नका. मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, आत वेदी उभारा, म्हणजे लोक सवयीच्या जागी येतील. सणाला बैल मारायची चाल असेल तर तीही एकदम तोडू नका, देवाचे आभार मानून ते जेवण होऊ द्या. आठ वर्षांनी खुद्द रोममध्ये पँथिऑन या जुन्या देवळाचं चर्च झालं, ते आजही उभं आहे. बरं, लग्नापुरतंच बोलायचं तर १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने म्हटलं होतं की ज्या ज्या देशात विवाहाच्या स्तुत्य चालीरीती आहेत त्या राहाव्यात, अशी सभेची मनापासून इच्छा आहे. पोर्तुगाल त्या सभेचे निर्णय शिरोधार्य मानत होता आणि त्याच काळात गोव्यात हळदीच्या मागे लागला होता. चारशे वर्षांनी, १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन सभेने उपासनेवरच्या दस्तऐवजात ट्रेंटचं तेच वाक्य पुन्हा घातलं. त्याच दस्तऐवजात असंही आहे की लोकांच्या जगण्यातलं जे अंधश्रद्धेशी आणि चुकीशी घट्ट बांधलेलं नाही, ते चर्च आपुलकीने पाहतं आणि जमेल तर जसंच्या तसं राखतं. १९६९ मध्ये रोमने भारतासाठी बारा गोष्टींना मान्यता दिली. आज मिस्सात दिरांसमोर आरती ओवाळली जाते, दोन्ही हात जोडून नमस्कार होतो, तो त्यातूनच आला.

मधे एक दाखला असाही आहे जो दीर तुझ्यासमोर टाकू शकतात, म्हणून आधीच माहीत असू दे. तमिळ प्रदेशात १६०६ पासून रॉबेर्तो दे नोबिली या जेझुइट संघाच्या धर्मगुरूने शेंडी, गंध, जानवं चालू दिलं, १६२३ मध्ये पोपनेही ते मान्य केलं. पण १७०४ साली पाँडिचेरीत तुर्नों नावाच्या पोपच्या प्रतिनिधीने लग्नातल्या कितीतरी चालींवर बंदी घातली. गणपतीची प्रतिमा असलेली ताली त्यात होती आणि नारळ फोडणंही. १७४४ साली रोमने ती बंदी पक्की केली. तेव्हा चर्चचं या बाबतीत एकच एक मत कायम राहिलं, असं मी म्हणत नाही. पण आज कुठलं मत चालू आहे हे तुझ्या पॅरिशच्या फादरांना विचारलंस तर पाच मिनिटांत कळेल.

दिरांच्या बोलण्यातली एक गोष्ट मला जरा खटकते. आपल्याकडचं जुनं ते मूर्तिपूजकांचं, आणि युरोपातून आलेलं जुनं ते ख्रिस्ती, असा हिशोब त्यात दिसतो. लग्नाच्या अंगठीची चाल रोमन लोकांची, ख्रिस्ताच्या आधीपासूनची. धूपाचं तर विचारू नकोस. सम्राटापुढे धूप जाळायचा नाही म्हणून सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी जीव दिले, आणि मग काही शतकांत तोच धूप वेदीपुढे आला. मोत माउलीला (माउंट मेरीला) बांद्र्याला मेणाचे हातपाय वाहतात ना, तसे मातीचे हातपाय ग्रीक लोक वैद्यकीच्या देवाला वाहत असत. आणि दृष्टीचं म्हणशील, तर ज्या पोर्तुगिजांनी आपल्याला ख्रिस्ती केलं ते स्वतः दृष्ट लागू नये म्हणून बोटांत अंगठा घातलेल्या मुठीचा ताईत वापरायचे. मीठ-मिरची आपली, मूठ त्यांची, भीती एकच.

गोव्यात तर याहून पुढच्या गोष्टी आहेत. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मरियामाता, आणि शिरगावची लईराई देवी या बहिणी, असं लोक मानतात. सात बहिणींतली एक ख्रिस्ती झाली, म्हणून काय नातं तुटतं? सायबिणीच्या फेस्ताला लईराईकडून तेल येतं, लईराईच्या जत्रेला इकडून मोगऱ्याची फुलं जातात. फेस्ताच्या दिवशी म्हापशात हिंदू बायका तेलाच्या बाटल्या घेऊन रांगेत उभ्या असतात. कुंकळ्ळीचं बघ. १५८३ मध्ये तिथे पाच जेझुइट मारले गेले, बदल्यात गावचे प्रमुख बोलावून घेऊन मारले गेले, शांतादुर्गा फातर्प्याला गेली. आजही दरवर्षी फातर्प्याहून कुंकळ्ळीला देवीची छत्र्यांची मिरवणूक येते. छत्र्या गावच्या बारा वांगडांच्या, म्हणजे मूळ कुळांच्या, मानाच्या, आणि त्या वांगडांत ख्रिस्ती झालेली घराणीही मोजली जातात. त्या घरांतले लोक रविवारी मिस्साला जातात. त्यांची श्रद्धा पातळ झाली असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आता खऱ्या कामाचं. पाप कुठे सुरू होतं? चर्चच्या शिकवणीत अंधश्रद्धेची खूण स्पष्ट आहे: मनाचा भाव काहीही असो, नुसतं बाहेरचं कृत्य केलं की फळ मिळतं, असं मानणं. ही खूण आपल्या प्रार्थनांनाही लागू आहे बरं का, नुसत्या नारळाला नाही. नऊ दिवस नोव्हेना अमुक वेळा म्हटली की नोकरी लागलीच, असं समजणाऱ्याचं आणि नारळ सोडला की मूल होणारच, असं समजणाऱ्याचं दुकान एकच आहे. तेव्हा आजीजवळ बस आणि सरळ विचार, "आजी, हे नाही केलं तर काय होईल?" माझा अंदाज आहे ती म्हणेल, "होणार काय? माझ्या सासूने केलं, मी केलं, तुझ्या आईचं केलं." तसं असेल तर विषय संपला, ती एक प्रेमाची चाल आहे. पण ती गप्प झाली, किंवा विहिरीतलं काहीतरी कोपेल, तुझी कूस उजवणार नाही असं म्हणाली, तर मात्र तिच्या मनात भीती आहे. त्या भीतीवर भांडण हा इलाज नाही आणि बंदी हाही नाही. तिच्याबरोबर विहिरीवर जा, नारळ दे, आणि तिथेच तिला सांग की माझा भरवसा येशूवर आहे, विहिरीवर नाही, तूही घाबरू नकोस. ८३ वर्षांच्या बाईला उपदेशापेक्षा नातीचा हात जास्त समजतो.

दृष्टीलाही हाच न्याय. ओवाळलेली मिरची चुलीत टाकून बाई कामाला लागली तर सोडून दे. बाळ तापाने फणफणलं असताना डॉक्टर सोडून मिरच्या जाळत बसली, किंवा कोणा भगताला पैसे मोजून "कोणी केलंय" ते विचारायला निघाली, तर दिरांच्या आधी तू आडवी हो.

पाण्याची व्यवस्था अशी कर. उंबराचं पाणी तुझ्या माहेरचं आहे आणि आदल्या संध्याकाळचं आहे. वसईच्या घरातून त्याला कोणी यायची गरजच नाही, म्हणजे त्यात दिरांच्या होकार-नकाराचा प्रश्न येत नाही. फादरांना आधी भेट आणि विहिरीवर येऊन दोन मिनिटं प्रार्थना करून पाणी आशीर्वादित करतील का विचार. बरेच जण आनंदाने येतात. नाही आले तर आजीला पवित्र माळेचं (रोझरीचं) एक दशक सांगायला लाव. विहिरीवर जाळी ठोकलेली असेल, गावठाणांत हल्ली बहुतेक ठिकाणी असते, तर किल्ली कोणाकडे आहे ते आठवडाभर आधी बघून ठेव. ऐन वेळी बँडवाले उभे आणि कुलूप बंद, हा तमाशा मी पाहिलाय.

दिरांशी तू बोलू नकोस. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने बोलायचं, एकट्याने, घरात चारचौघांसमोर नाही. त्याने एवढंच सांगावं: "दादा, तुला तिथे यायचं नाही, ते मला मान्य आहे. मिस्साला मात्र तू हवास." आणि मिस्सातलं एक वाचन त्यांच्याकडे दे. ज्या माणसाला देवाच्या शब्दाने दारूतून बाहेर काढलं, त्याला वेदीशेजारी उभं राहून तो शब्द वाचायला मिळाला तर तो घरी बसणार नाही. ते बायबलवर आले तर करिंथकरांस पहिलं पत्र, आठवा आणि दहावा अध्याय, दोघांनी बसून वाचावेत. मूर्तींना वाहिलेलं मांस खावं की नाही, हाच तिथला तंटा. पौल म्हणतो, बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. पण ज्याचं मन त्याने दुखावतं त्याच्यासमोर मुद्दाम खाऊ नका. पहिलं वाक्य दिरांसाठी, दुसरं तुझ्यासाठी. म्हणजे त्या विहिरीचा व्हिडिओ घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नकोस.

आता तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. ती तू सहज लिहून गेलीस, पण मी तिथे अडकले. त्यांनी "आम्ही मूळचे कोण" ते विचारून खात्री केली, मगच बोलणी केली. हे विचारताना मोठे दीर घरात होते ना? तेव्हा त्यांना पहिली आज्ञा आठवली नाही? अगं, बाप्तिस्म्याआधीचं शोधायचंच असेल तर ते त्या प्रश्नात आहे. गोव्यात बामण, चाड्डे, शुदिर या जाती धर्मांतरानंतरही जशाच्या तशा राहिल्या. धर्मगुरू होण्याची वाट कितीतरी काळ वरच्या जातींच्याच हातात होती, आणि काही चर्चच्या कॉन्फ्रारियांत (बंधुमंडळांत) फेस्ताचा मान ठरावीक घराण्यांकडेच राहिला. मदुरेच्या मिशनात उच्च जातींसाठी वेगळे मिशनरी आणि खालच्यांसाठी वेगळे होते. आपल्याकडे वसईत, गावठाणांत, कोळी, भंडारी, कुणबी, वाडवळ, सामवेदी ही नावं लग्न ठरवतानाच आठवतात, आणि ती रोमन कॅथलिक तोंडातूनच निघतात. तुळस उपटायला निघालेल्यांनी जातीला हात लावला नाही, कारण तिचा त्यांना उपयोग होता. नारळामुळे कोणाची पोरगी नाकारली जात नाही, "मूळचे कोण" या प्रश्नामुळे नाकारली जाते. लक्ष्मीबाई टिळकांचं बघ. त्या १९०० साली ख्रिस्ती झाल्या, पण दुसऱ्या जातीच्या हातचं पाणी चालत नाही हे सोवळं त्यांनी त्याआधीच सोडलं होतं. आपल्यातल्या कितीतरी घरांनी ते बाप्तिस्म्यानंतर चार शतकं जपलंय.

म्हणून लग्नाआधी नवऱ्याला एक गोष्ट विचारून ठेव. उद्या आपल्या मुलीने दुसऱ्या "मूळच्या" पण मिस्साला जाणाऱ्या, कमावत्या, निर्व्यसनी कॅथलिक मुलाला घरी आणलं, तर तू काय म्हणशील आणि दादा काय म्हणतील? हा प्रश्न समोरासमोर विचार, फोनवर नको, आणि त्याने "तेव्हाचं तेव्हा बघू" म्हटलं तर ते उत्तर धरू नकोस.

— मावशी